आधी घर पूर्ण करा, मग बाईला नियम लावा

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
तसेच ताबा देणाऱ्या विकासकाच्या कार्यालयातील जबाबदार मंडळी,

यांस सप्रेम नमस्कार.

‘घरकामगारांसाठी नियमावली’ अशा मथळ्याचा आपला कागद लिफ्टशेजारच्या फलकावर लागला आणि त्याच दिवशी आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवरही आला. ज्यांच्यासाठी म्हणून ही नियमावली काढली, त्यांच्यापैकी कुणालाही ती वाचून दाखवलेली नाही. कलमं त्यांच्याबद्दल, सूचना आम्हाला आणि दंड दोघांनाही. मी समितीला आधी साधं पत्र लिहिलं होतं. त्यावर ‘निर्णय बहुमताने झाला आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. म्हणून आता हे सगळ्यांसमोर मांडते आहे. नव्या इमारती सगळीकडे उभ्या राहताहेत, आणि असे कागद एका इमारतीतून दुसरीत जसेच्या तसे उतरवले जातात. त्यामुळे हा विषय आपल्या फाटकाआड ठेवण्यासारखा राहिलेला नाही.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. घरात सासूबाई आहेत, त्या वॉकर धरून चालतात. मी आणि नवरा दिवसभर कामावर. घरात मदतीला माणूस असणं ही आमच्याकडे हौस नाही, त्यावाचून अडतं. नवीन घरात राहायला आल्यावर मी पहिलं काम केलं ते बाईची चौकशी करायचं. नकार आले, आणि ते पगारावरून आले नाहीत. एकीने विचारलं, “तिकडे अजून टाइल कापायची मशिनं चालूच आहेत ना? मग नको ताई, माझा खोकला आत्ता कुठे गेलाय.” दुसरी म्हणाली, “ओळखपत्र गेटवर ठेवून घेतात म्हणे. ते हरवलं तर मी काय करू?” पगाराचा आकडा मी सांगायच्या आधीच दोघी उठल्या होत्या.

आपण घरकामाच्या बायांकडे निव्वळ सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहिलंत. सुरक्षेचा प्रश्न आहेच. पण नव्या घरात तो आधी त्या बाईच्या सुरक्षेचा आहे, आणि त्याबद्दल नियमावलीत अक्षरही नाही. माझ्या तक्रारी आता एकेक करून लिहिते. पहिली सगळ्यात मोठी आहे, तिला जागाही जास्त लागेल.

पहिली तक्रार : ताब्यानंतरची सफाई. नियमावली म्हणते, ‘सदनिकेची प्राथमिक स्वच्छता सदनिकाधारकाने नोंदणीकृत घरकामगाराकडून करून घ्यावी.’ विकासकाच्या ताबापत्रात मात्र सदनिका ‘वापरायोग्य स्थितीत’ दिल्याचं छापलेलं आहे, आणि त्याखाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. किल्ली हातात पडली तेव्हा त्या वापरायोग्य घरात काय होतं? फरशीवर सिमेंटचा पांढरा राप. टाइलांच्या सांध्यांतून वर आलेलं ग्राऊट. खिडकीच्या प्रत्येक पट्टीत पुट्टीचा भुगा. दारांच्या कडांना रंगाचे ओघळ. बाल्कनीच्या मोरीत वाळू, खिळे आणि कुणाची तरी अर्धी विडी. ही केर-फरशी नव्हे. हे बांधकामाचं उरलेलं काम आहे आणि ते बांधणाऱ्याचं आहे.

ते कसं उरकलं जातं, तेही सांगते. आमच्याच मजल्यावरच्या एका घरात डोकावले तेव्हा एक बाई गुडघ्यावर बसून दाढीच्या ब्लेडने टाइलवरचे सिमेंटचे थेंब खरवडत होती. ब्लेडची एक बाजू तिने कापडात गुंडाळली होती. शेजारी प्लास्टिकच्या मगात टाइल साफ करायचं ॲसिड. खिडक्या बंद, कारण उघडल्या की वरच्या मजल्यावरची धूळ आत यायची. हातात मोजे नव्हते. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. मी “अहो ताई, मोजे तरी घाला” म्हटलं, तर ती हसली. “मोज्याने ब्लेड धरता येत नाही. आणि मोजे कोण देतंय?” कामाला घेताना तिला ‘फक्त झाडू-फरशी’ असं सांगितलं होतं आणि पगारही तेवढ्याचाच ठरला होता.

त्या मगातल्या द्रवाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण समितीतल्या बहुतेकांनी ती बाटली स्वतः कधी हाताळलेली नसणार. टाइलांचे असे क्लीनर बहुतेकदा हायड्रोक्लोरिक आम्लाचे असतात. त्यांची वाफ नाक-घसा जाळते आणि बंद न्हाणीघरात तर उभं राहवत नाही. त्या वाफेने नवेकोरे नळ काळवंडतात, कड्यांना गंज चढतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो आम्लात विरघळतो. त्यामुळे ओट्यावर एकदा चुकून फडकं फिरलं की चकाकी गेलीच, आणि दोष बाईचा. याहून वाईट म्हणजे डाग निघेना म्हणून कुणी त्यातच ब्लीच ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. घरात तो तेवढा होत नाही, हे उघड आहे. पण चार बाय सहाच्या न्हाणीघरात दार लावून काम करणाऱ्या बाईला दवाखान्यात पोचवायला तो पुरेसा असतो. दोन्ही बाटल्या घरमालकच आणून देतो, आणि लेबलं वाचायची अपेक्षा मात्र तिच्याकडून.

धुळीचंही तसंच. टाइल, वाळू, काँक्रीट या सगळ्यांत सिलिका असते. कापताना आणि घासताना तिचे इतके बारीक कण होतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसांत पार खोलवर जाऊन बसतात. सिलिकोसिस हा आजार त्यातूनच होतो, आणि एकदा झाला की तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या जागी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला १९९७ सालीच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. एका घराचा एकदा केर काढला म्हणून कुणाला सिलिकोसिस होत नाही, हे मला कळतं. पण इथे काम धरणारी बाई एका घरावर थांबत नाही. एक घर राहतं झालं की पुढचं ताब्यात येतं. तिथेही तोच भुगा, तीच कोरडी झाडू. मजल्यामागून मजला ती हेच करत राहते. अशी धूळ कोरडी झाडायची नसते. आधी पाण्याने ओली करायची, नाहीतर चांगल्या गाळणीच्या व्हॅक्यूमने ओढायची, आणि नाकावर नुसता ओढणीचा पदर नव्हे तर धुळीचा मास्क असायला हवा. बांधकामाच्या जागेवर हे नियम लागू असतात. किल्ली दिली की तीच धूळ एका रात्रीत ‘घरातली धूळ’ होते आणि नियम संपतात.

सांधे ताजे भरले असतील तर ओल्या सिमेंटचा त्रास वेगळाच. त्याचा सामू १२ च्या वर असतो, म्हणजे ते चांगलंच दाहक असतं. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे काहींच्या हातांना कायमची ॲलर्जी जडते, मग पुढे साधं भांडं घासतानाही कातडी फुटते. नव्या प्लायवूडच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडत असतो. त्याचीही २००४ पासून त्याच पहिल्या गटात गणना आहे. नव्या कपाटाचा तो ‘नवा वास’ आपण कौतुकाने घेतो. त्या बंद कपाटांत शिरून फळ्या पुसणारीला तो पोटभर मिळतो.

यात एक गंमत आहे, कडवट असली तरी. शेजारच्या घरात सुतार काम करत असतील तर आमच्या घरात संध्याकाळपर्यंत पुन्हा पांढरा थर बसतो. मग “अगं, सकाळी पुसलं होतंस ना?” हा प्रश्न येतो तो बाईला. सुताराला कुणी विचारत नाही, विकासकाला तर नाहीच.

दुसरी तक्रार : खिडक्या. इमारतीचं दर्शनी रूप टिकावं म्हणून काचा महिन्यातून एकदा ‘आतून व बाहेरून’ पुसून घ्याव्यात, असं एक कलम आहे. कुणाकडून, हे लिहिलेलं नाही. पण ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या खिडक्या सरकत्या आहेत. बाहेरची काच पुसायची तर एक पाय कठड्यावर ठेवून निम्मं शरीर बाहेर काढावं लागतं. दोर अडकवायला भिंतीत कडी नाही, जाळी नाही, काहीच नाही. हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांनी आपल्याच मजल्यावर एकदा तसं उभं राहून पाहावं. नको, पाहू नये. कलम काढून टाकावं. बाहेरच्या काचा हे झुल्यावरून, पट्टा बांधून, शिकलेल्या माणसांनी करायचं काम आहे.

तिसरी तक्रार : एकच एजन्सी. समितीने एका एजन्सीशी करार केला आहे आणि बाई फक्त तिच्यामार्फतच ठेवायची. माझ्या ओळखीची, आधीच्या घरात वर्षानुवर्षं काम केलेली बाई असली तरी तिने आधी तिथे नाव नोंदवायचं. नोंदणीचे पैसे तिच्याच पहिल्या पगारातून कापायचे. मूळ ओळखपत्र काम सुटेपर्यंत फाटकावरच्या कचेरीत ठेवायचं.

समितीत वकील आहेत, म्हणून त्यांना ओळखीच्या भाषेत लिहिते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १६ जून २०११ रोजी जिनिव्हात घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ मंजूर केला. तो ५ सप्टेंबर २०१३ पासून अंमलात आहे. त्याला मान्यता देणारं पहिलं राष्ट्र उरुग्वे. त्याचं नववं कलम म्हणतं, की प्रवासाची आणि ओळखीची कागदपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क घरकामगाराला आहे. पंधरावं कलम म्हणतं, की खासगी एजन्सीची फी कामगाराच्या वेतनातून कापली जाऊ नये. सातवं कलम कामाच्या अटी तिला समजतील अशा रीतीने, शक्य तिथे लेखी, सांगायला सांगतं. दहाव्यात आठवड्यातून सलग २४ तासांची तरी सुट्टी आहे. तेराव्यात सुरक्षित आणि आरोग्याला बाधा न आणणारी कामाची जागा आहे. सगळ्या देशांनी या कराराला मान्यता दिलेली नाही आणि इमारतीच्या समितीवर तो थेट बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. पण जगभरच्या सरकारांच्या, मालकांच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून जी किमान पातळी ठरवली, तिच्याही खाली जायचं आपण ठरवलं असेल, तर का, एवढं विचारायचा हक्क मला आहे.

हा विषय किरकोळ आहे असं कुणाला वाटत असेल तर तेही तपासून पाहावं. याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात १५ वर्षांवरचे सुमारे ७ कोटी ५६ लाख लोक घरकाम करून पोट भरतात. त्यांतल्या दर चार जणांमागे तिघी बाया आहेत. आणि पाचांपैकी चार जणांचं काम कुठल्याही कागदावर नाही, म्हणजे सुट्टी, आजारपण, म्हातारपण सगळं बेभरवशाचं. आपली नियमावली त्यांच्या हाती एकही कागद देत नाही, उलट असलेला एकुलता एक काढून घेते.

ओळख पडताळणीला माझा विरोध नाही, हे स्पष्ट करते. फाटकातून कोण येतं-जातं हे कळायलाच हवं. छायाप्रत घ्या, फोटो घ्या, पास द्या. मूळ कागद अडकवून ठेवण्याने चोरी थांबत नाही. बाईला नको असलेलं काम सोडून जाणं तेवढं अवघड होतं. कुणाच्या मनात तोच हेतू असेल असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच आहे.

चौथी तक्रार : संशय. नव्या इमारतीत माणसांची वर्दळ किती असते ते आपण रोज पाहतो. प्लंबर, वायरमन, सुतार, पॉलिशवाले, पडदेवाले, एसी बसवणारे. कित्येक घरांची कुलुपं अजून बांधकामाच्या वेळचीच आहेत आणि त्यांच्या जोडकिल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते विकासकालाही नीट सांगता येत नाही. अशात काही हरवलं की पहिलं नाव कुणाचं निघतं? झडती एकट्या बाईच्या पिशवीची होते. सुताराच्या हत्यारांच्या पेटीत कुणी हात घालत नाही. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी एका बाईला रंगाची रिकामी बादली दिली, तिला घरी पाणी साठवायला हवी होती. फाटकावर ती काढून घेतली, कारण ‘मालकाची चिठ्ठी’ नव्हती. चिठ्ठी आणायला ती पुन्हा वर गेली, मालाच्या लिफ्टची वाट बघत. खाली आली तेव्हा पुढच्या घरी उशीर झाला आणि तिथे त्याचं बोलणं बसलं.

त्यातच शेऱ्यांची वही. कुठल्याही घरमालकाने एखाद्या बाईबद्दल ‘असमाधानकारक’ असं दोनदा लिहिलं की तिला इमारतीत बंदी. काय लिहिलं आहे ते तिला दाखवायचं नाही, तिचं म्हणणं ऐकायचं नाही. म्हणजे पगार वाढवून मागितला, न्हाणीघरात ॲसिड वापरायला नकार दिला, किंवा घरातल्या कुणा पुरुषाचं वागणं खटकून ती काम सोडून निघाली, तरी शेरा तोच पडणार. शेवटची शक्यता मी उगाच लिहिलेली नाही. कामाच्या ठिकाणच्या हिंसेविरुद्ध आणि छळाविरुद्ध २०१९ साली करार क्रमांक १९० झाला आणि त्यात खासगी जागाही कामाचं ठिकाण असली तर धरली आहे. घर हे आपलं खासगी असतं, पण तिचं ते कामाचं ठिकाण असतं. तिने तक्रार करायची तर कुणाकडे, याचं उत्तर आपल्या कागदावर कुठेही नाही. आमच्या तक्रारींसाठी मात्र अख्खी वही आहे.

पाचवी : लिफ्ट, संडास, बसायची जागा. यावर फार लिहिणार नाही, कारण यात पटवून देण्यासारखं काही नाही. पटत नसेल तर नाहीच पटायचं. घरकामगारांनी मालाचीच लिफ्ट वापरायची. त्या लिफ्टमध्ये सध्या दिवसभर प्लायवूड, टाइलांची खोकी आणि सिमेंटच्या गोण्या चढतात. बाया जिन्याने जातात. तळमजल्यावरचा संडास वॉचमन आणि ड्रायव्हर यांच्यासाठी. बायांसाठी नाही, आणि घरातला वापरू द्यायचा की नाही ते मालकाच्या मर्जीवर. सकाळपासून दुपारपर्यंत चार घरं करणाऱ्या बाईने काय करावं? बागेतल्या बाकावर दोन कामांच्या मध्ये बसलं तर ‘रहिवाशांना अडथळा’. ते बाक तिने पुसलेले आहेत, एवढंच म्हणते.

सहावी : बांधून दिलेला दर. एकाने जास्त दिले की सगळ्यांचे ‘दर बिघडतात’, म्हणून समितीने खोल्यांच्या संख्येवर कमाल दर बांधला. किमान नव्हे, कमाल. यावर मी एक रहिवासी म्हणूनही हरकत घेते आणि एक व्यवहारी माणूस म्हणूनही. नव्या घरातलं काम महिन्या-महिन्याला बदलतं. पहिल्या महिन्यात धूळ दुप्पट असते. मग फर्निचर येतं, खोकी, थर्माकोल, लाकडाचा भुसा येतो. मग पाहुणे घर बघायला येतात. चार-सहा महिन्यांनी कुठे घर हाताखाली बसतं आणि काम कमी होतं. हे खोल्या मोजून कसं ठरवणार? दोन खोल्यांच्या घरात तीन मुलं आणि एक अंथरुणाला खिळलेला माणूस असू शकतो, आणि चार खोल्यांच्या घरात महिन्यातले पंधरा दिवस कुलूप.

बाई ठेवणं म्हणजे भाजीच्या जुडीसारखी घासाघीस नव्हे. नीट बसून बोलायची गोष्ट आहे ती. मला अखेर जी ताई मिळाली तिच्याशी माझं असं बोलणं झालं. कामं कोणती आणि कोणती नाहीत. ‘वरकाम’ यात काय काय येतं. पंखे, जाळ्या, कपाटाच्या माथ्यावरची धूळ धरायची की वेगळे पैसे. न्हाणीघरं किती, आणि रोज की एकाआड एक दिवस. भांडी एकदा की दोनदा. आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी. आजारपणाच्या रजा किती, आणि त्यापुढचे खाडे कसे धरायचे. आम्ही गावाला गेलो तर पगार चालू राहील का. यावर ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, “तुम्ही फिरायला जाता ताई, माझ्या पोरांचं पोट नाही जात फिरायला.” चालू राहील असं ठरलं. उचल लागली तर किती आणि कशी फेडायची. सोडायचं असेल किंवा सोडवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. सासूबाई पडल्या तर आधी कुणाला फोन करायचा. पगार कुठल्या तारखेला. हे सगळं एका पानावर लिहून दोघींनी सही केली, एक प्रत तिच्याकडे. तिचा मुलगा शाळेत जातो, त्याने ते तिला वाचून दाखवलं आणि परत येऊन मला विचारलं, “इथे वर्षानंतर पगारवाढीचं लिहायचं राहिलंय का?” राहिलं होतं. लिहिलं.

कमाल दरात हे काही बसत नाही. बसवायचं मला कारणही नाही.

विकासकाच्या कार्यालयाला वेगळं दोन शब्द. आपण समितीच्या मागे लपू नये. ‘अंतिम सफाई’ हे काम आपण ठेकेदाराला दिलं होतं की नाही, दिलं असेल तर ते झाल्याची सही कुणी केली, ते आम्हाला दाखवावं. ताब्याच्या तारखेची घाई आपली होती, आमची नाही. आणि वरच्या मजल्यांवर अजून चालू असलेली कटिंगची कामं पाणी सोडून, बंदिस्त खोलीत करायला लावणं हे आपल्याच हातात आहे. ओल्या कापणीच्या मशिनला पाण्याची नळी जोडायची एवढाच तो खर्च असतो.

आता मागण्या.

ताब्याआधीची सफाई विकासकाने, त्या कामात तयार असलेल्या माणसांकडून, मास्क-मोजे-बूट देऊन करावी. ज्या घरांचा ताबा तशी सफाई न करता दिला आहे, तिथेही ती आता करून द्यावी. नियमावलीतलं ‘प्राथमिक स्वच्छता घरकामगाराकडून’ हे कलम रद्द करावं.

बाहेरच्या काचा घरकामगारांकडून पुसून घ्यायला इमारतीत स्पष्ट बंदी असावी आणि ती फलकावर लावावी.

मूळ ओळखपत्रं आजच्या आज परत करावीत. ज्यांच्या पगारातून नोंदणीचे पैसे कापले, त्यांना ते एजन्सीने किंवा समितीने परत द्यावेत. एजन्सी असू दे, सक्ती नको.

झडती घ्यायची तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची सारखी, नाहीतर कुणाचीच नको. शेऱ्यांची वही बंद करावी. तक्रारी असतील तर दोन्ही बाजू ऐकायला एक छोटी समिती नेमावी, तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि घरकाम करणारी एक तरी बाई असावी.

लिफ्ट सगळ्यांसाठी. तळमजल्यावर बायांसाठी संडास आणि पिण्याचं पाणी. बसायला जागा.

कमाल दर रद्द. समितीला काही करायचंच असेल तर कामाच्या अटींचा एक साधा नमुना छापून प्रत्येक घरी द्यावा. माझ्याकडचं पान मी द्यायला तयार आहे. त्यात काय कमी-जास्त करायचं ते बायांना बोलावून ठरवावं.

येत्या सर्वसाधारण सभेच्या कामकाजात हा विषय घ्यावा, आणि तोवर ही नियमावली स्थगित ठेवावी. सभा संध्याकाळी उशिरा ठेवू नये. त्या वेळी बायांना घरी पोचायची घाई असते. दुपारी ठेवली तर त्या येतील, मी तिघी-चौघींशी बोलले आहे.

स्थगिती मिळेपर्यंत माझ्याकडे येणारी ताई तिच्या ओळखपत्राची छायाप्रत फाटकावर देईल, मूळ प्रत देणार नाही. ती माझ्याबरोबर मुख्य लिफ्टने वर येईल. त्यासाठी नियमावलीत जो दंड सांगितला आहे तो माझ्या नावावर लिहावा, तिच्या नव्हे. पावती लेखी हवी, आणि या पत्राचं उत्तरही लेखीच. ते त्याच फलकावर, नियमावलीच्या शेजारी लावावं.

आपली,
याच इमारतीतली एक सदनिकाधारक